सुऱ्या-विळ्यांना धार लावायला दगड कोणता घ्यावा? आणि चामड्याचा पट्टा लागतोच का?

शेवंता_परभणी
नमस्कार मंडळी. परभणीत माझं डब्यांचं काम आहे. रोज सकाळी सत्तरेक डब्यांची भाजी चिरायची असते, चिरायला आम्ही तिघी. हत्यारं अशी: आईच्या वेळची लोखंडी पात्याची विळी, बाजारातल्या साध्या स्टेनलेसच्या दोन सुऱ्या आणि दिवाळीत भावानं दिलेली एक जपानी सुरी. ती अजून डब्यातच आहे, कारण तिची धार गेली तर लावायची कशी ते ठाऊक नाही.

पूर्वी गल्लीत सायकलवर धार लावणारे मामा यायचे. आता महिनोन् महिने दिसत नाहीत. बोथट सुरीनं कांदा चिरण्यापेक्षा चेचलाच जास्त जातो, डोळ्यांची आग होते ती वेगळीच. म्हणून आता घरीच दगड घ्यायचं ठरवलंय. ऑनलाइन बघितलं तर २४०, ४००, १०००, ३०००, ८००० असे नंबर, शिवाय तेलाचा दगड, पाण्याचा दगड, हिऱ्याची पट्टी. वर चामड्याचा पट्टाही घ्या म्हणतात.

माझं मत असं, की स्वयंपाकघराला एक दगड पुरे आणि पट्टा हे न्हाव्याच्या वस्तऱ्याचं काम. पण जाणकारांनी सांगावं. पैसे एकदाच घालायचेत.

गोदाकाठ
ताई, आधी कोणती सुरी कशाची ते ठरवा. लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंडी, नाही चिकटलं तर स्टेनलेस. त्यावर दगड ठरतो.

फिटर_अण्णा_जालना
गोदाकाठ, चुंबकानं हे कळत नाही. ताट-वाट्यांचं स्टेनलेस बहुधा चिकटत नाही, पण सुरीचं चिकटतं. धार टिकायला पाणी देऊन, म्हणजे तापवून झटकन थंड करून, कडक करता येईल असं पोलाद लागतं, आणि तसलं पोलाद क्रोमियमवालं असलं तरी चुंबक धरतं. सोपी परीक्षा म्हणजे लिंबू कापून पातं तसंच ओलं ठेवायचं. काळपट निळसर डाग आले तर साधं पोलाद, लखलखीत राहिलं तर स्टेनलेस.

आता दगडाचं. माझा जन्म टूलरूममध्ये गेला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हार्डवेअरच्या दुकानात काळा-करडा, दोन बाजूंचा दगड मिळतो. आठ इंच लांब, दोन रुंद, एक जाड. एक बाजू खरबरीत, एक बारीक. हा सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे कार्बोरंडम. १८९१ च्या सुमारास एडवर्ड अ‍ॅचेसन हा अमेरिकन माणूस भट्टीत कृत्रिम हिरा करायला बघत होता, त्यातून हे निघालं. काठिण्याच्या मापात हिरा दहा, तर हे नऊच्या वर. आपल्याकडं चेन्नईची कार्बोरंडम युनिव्हर्सल १९५४ पासून आहे, त्यामुळे हा माल गावोगाव पोचलेला आहे. तुमच्या विळीला आणि दोन्ही साध्या सुऱ्यांना हाच दगड घ्या. त्यातलं पोलाद मऊ असतं. त्याला ८००० वर नेऊन घोटलं तरी ती धार चार दिवसांत बसते. कष्ट वाया.

नंबर म्हणजे कणाची बारीकी. नंबर वाढला की कण लहान. १२० चा कण साधारण एक दशांश मिलिमीटर. पाण्याच्या दगडांतल्या १००० चा कण १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. खरबरीत दगड पातं खातो आणि आकार देतो. बारीक दगड खरबरीत दगडाचे ओरखडे पुसतो. दोघांची कामं वेगळी. म्हणून 'एक दगड पुरे' हे तुमचं म्हणणं बरोबर, पण त्याला दोन बाजू हव्यात.

सगळ्यात महत्त्वाचं पुढं आहे. एका बाजूनं घासत गेलात की धारेची पलीकडची कड दुमडून वर येते. वर्कशॉपात आम्ही तिला बर म्हणतो. डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा घ्या आणि पात्याच्या पाठीकडून धारेकडे हलकेच ओढत बाहेर न्या. तंतू अडकले की समजा बर आली. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग यायला हवी. जिथे तंतू अडकत नाहीत तिथे दगड अजून धारेपर्यंत पोचलेलाच नाही, मग किती का वेळ घासा. सलग आली की बाजू बदला. दुसऱ्या बाजूनं तेवढंच. मग बारीक बाजूवर हेच, दाब निम्मा. शेवटी एकदा इकडून एकदा तिकडून, सुरीच्या वजनापेक्षा जास्त दाब नाही.

एवढं करूनही थोडी बर उरतेच. ती काढायला चामडं. पट्टा त्यासाठी लागतो, चकाकीसाठी नाही.

बालाघाट
आण्णांनी लई भारी सांगितलं. पण आमच्या कोयत्याला यातलं काय बी चालत न्हाई. फडात बसल्या जागी कानस काढायची, एका अंगानं धा-बारा हात मारायचे, दुसऱ्या अंगानं दोन-चार, की लागलं तोडायला. कोयता गाडीच्या कमानीच्या पाट्याचा. ऊस बुडापशी तोडायचा तर कोयता मातीला लागतो, खड्याला लागतो. बारीक धार लावली की पहिल्याच सरीत दुमडली. कानशीचे दात धारेवर राहतात ते उसाच्या सालीत घुसतात. माझ्या घरची माणसं हंगामाला जातात, कोयत्याच्या जोडीला कानस असतेच असते.

शेवंता_परभणी
@अण्णा, एवढं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कापूस तर आपल्याकडं घरोघरी. @बालाघाट, मग कानस सुरीला चालेल का?

फिटर_अण्णा_जालना
मऊ सुरीला चालते, पण पातं फार खाते. जपानी सुरीवर चालवूच नका. तिचं पोलाद कानशीच्या तोडीला येतं, कानस नुसती घसरते आणि दोघांचं नुकसान. कोयत्याचं पोलाद मुद्दाम कमी कडक ठेवतात, तुटू नये म्हणून. त्यामुळे कानस त्याला कापते. बालाघाट म्हणतात ते त्यांच्या हत्याराला शंभर टक्के खरं आहे.

पेठेतला_पोरगा
एवढा खटाटोप कशाला? धार लावणाऱ्याला द्या की. चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या, पाच मिनिटांत काम. त्यांच्या पोटावर पाय कशाला आणता सगळे मिळून?

गोदाकाठ
पोटावर पाय कोण आणतंय? ते मामा येतच नाहीत असं ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. आमच्या नांदेडला अजून धार लावणारी चांगली माणसं आहेत. गुरुद्वाऱ्याच्या भागात कृपाणांची दुकानं आहेत, तिथं आसपास पोलाद कळणारा माणूस भेटतो. पण बाजारात विजेच्या ग्राइंडरवर सुरी धरणाऱ्याला मी माझी सुरी देणार नाही. एकानं माझ्या विळीचं पातं निळं करून दिलं. त्या निळ्या पट्ट्यात आता धार दोन दिवस टिकत नाही.

फिटर_अण्णा_जालना
निळं झालं म्हणजे तिथं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं. पिवळसर गवती रंग सव्वादोनशे अंशांच्या सुमाराला येतो, मग तपकिरी, जांभळा आणि निळा. तेवढी उष्णता लागली की दिलेलं पाणी उतरतं आणि पातं मऊ पडतं. तेवढा भाग झिजवून पुढं गेल्याशिवाय इलाज नाही.

आपल्या विजेवरची साधी ग्राइंडर मोटर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेते. पातळ कड तापायला क्षणभर पुरतो. पायानं फिरवायच्या सायकलच्या चाकाची गोष्ट वेगळी, ते हळू चालतं. जुने लोक चाकावर पाण्याचा डबा टांगायचे, थेंब थेंब गळत राहायचा. असा माणूस भेटला तर पेठेतला_पोरगा म्हणतात तसं त्यालाच द्यावं, मीसुद्धा देईन.

पेठेतला_पोरगा
हे पटलं. थेंबाचा डबा मी पाहिलाय, तो कशासाठी ते आज कळलं.

करडई_फूल
तेल की पाणी हा विषय अजून आला नाही म्हणून लिहिते. लातूर भागात घरात करडईचं तेल असतं आणि माणूस सहज तेच दगडावर ओततो. करू नका. करडईचं तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं, रंगाच्या कारखान्यात ते याच गुणासाठी वापरतात. दगडाची छिद्रं बुजतात आणि दगड नुसता गुळगुळीत, कापतच नाही. जवसाचं तर त्याहून वाईट. खोबरेल सुकत नाही, पण थंडीत थिजतं. शिलाई मशीनचं पातळ तेल उत्तम. नाहीतर साधं पाणी आणि दोन थेंब भांड्यांच्या लिक्विडचे.

मात्र एकदा तेल पाजलेल्या दगडावर पाणी नीट बसत नाही. काय ते पहिल्या दिवशी ठरवा. अन्नाची सुरी आहे, मी तर साबणपाणीच म्हणेन.

आधीच तेलकट होऊन बसलेला दगड असेल तर रॉकेल किंवा गरम पाणी आणि कपड्यांचा साबण लावून ताठ ब्रशनं घासायचा. बऱ्यापैकी मोकळा होतो.

तवा_कढई
मी संभाजीनगरला हॉटेलच्या किचनमध्ये आहे. शेवंताताईंच्या जपानी सुरीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहितो.

पहिलं काम, धार दोन्ही बाजूंनी आहे की एकाच, ते बघा. भाजीची सांतोकू असेल तर दोन्ही बाजूंनी. एका अंगानं सपाट असेल तर ती वेगळी जात, तिला सपाट बाजूनं उचलून घासायचं नाही, दगडावर आडवी ठेवून फक्त बर काढायची.

हिला हार्डवेअरचा काळा दगड लावू नका. १००० आणि ३००० असा दोन बाजूंचा पाण्याचा दगड घ्या. ८००० ची गरज डब्याच्या कामात नाही. उलट फार घोटलेली धार पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवरून सटकते. १००० वरून उतरलेली आणि चामड्यावर दोन हात मारलेली धार टोमॅटोला, ढोबळी मिरचीला मस्त धरते. ३००० कोबी, कांदा आणि मांसाच्या पातळ कापांसाठी.

पाण्याच्या दगडातही दोन तऱ्हा असतात. काही दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचे, बुडबुडे थांबेपर्यंत. काहींवर नुसतं पाणी शिंपडायचं, ते भिजत ठेवले तर खराब होतात. खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचा. घासताना वर जो राखाडी चिखल येतो तो धुऊन टाकू नका, तोही कापतो.

आणि ही सुरी नारळ, हाडं, सुरण, फ्रीजरमधलं गोठलेलं, यावर कधीही नाही. कडक पोलाद दुमडत नाही, त्याचा टवका उडतो. टवका काढायला मग ४०० पासून सुरुवात आणि तासभर घाम.

लातूरकर_नाना
दगड पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा म्हणे! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत हे वाक्य कुणी म्हटलं असतं तर घागरीनं मारलं असतं. :)

तवा_कढई
नाना, वाटीभर पाणी लागतं हो. तुमच्यासाठी शिंपडायचा दगड. :)

काटकसर
मी हॉस्टेलला राहतो, दगड घ्यायला पैसे नव्हते. सपाट काचेचा तुकडा, त्यावर ओला करून चिकटवलेला वॉटर पेपर. २२०, ६००, १०००, २००० असे चार कागद घेतले, सगळे मिळून शंभराच्या आत. सुरी नेहमी पाठीकडे ओढायची, धारेकडे ढकलली की कागद फाटतो. धार एक नंबर. पण १००० च्या कागदावर १००० च्या दगडासारखी चमक येत नाही. असं का?

फिटर_अण्णा_जालना
कारण कागदाचे आणि दगडाचे नंबर एक नाहीत. ज्या कागदाच्या नंबराआधी 'पी' असतो त्याचा १००० म्हणजे १८ मायक्रॉनच्या आसपास. २००० चा कागद १० मायक्रॉन, तो कुठं १००० च्या दगडाच्या पुढं जातो. तुमची पद्धत उत्तम आहे. रोज सत्तर डबे असतील तर मात्र कागद सारखे बदलावे लागतील.

आजीची_विळी
सगळे सुरीवर बोलताहेत. विळीचं पातं सुरीसारखं हातात धरता येत नाही, तिथं दगड फिरवावा लागतो. मी करते ते असं.

विळी भिंतीला टेकवून ठेवायची, पाट पायानं घट्ट दाबायचा, धार आपल्यापासून लांब. दगड छोटा हवा, आठ इंची जड पडतो. बोटं दगडाच्या पाठीमागं, कडेच्या वर येता कामा नयेत. मुठीशी फडकं गुंडाळायचं. पात्याच्या बुडापासून वर टोकाकडे, बाकाबाकानं, एकाच दिशेनं. आधी डावं अंग, मग उजवं. खालून वर जाताना मनगट वळत जातं, कारण पातं वाकडं आहे. वर खवणीचे दात असतील तर त्यांना दगड लावू नका, ते बारीक तिकोनी कानशीनं एकेक करून.

लोखंडी पातं धुतल्यावर लगेच पुसून चुलीजवळ सुकवायचं आणि रात्री तेलाचं बोट फिरवायचं. अंबाडी चिरून तसंच ठेवलं की आंबटपणानं सकाळी काळं पडलेलं दिसतं.

आणि विळीला बारीक बाजूच्या पुढं नेऊ नये असं माझं मत. मेथी, शेपूची जुडी धरली की थोडी खरबरीत धारच ती ओढून घेते.

शेवंता_परभणी
@आजीची_विळी, फारच उपयोगाचं. 'बोटं कडेच्या मागं' हे मी आमच्या दोघींना आधी शिकवणार.

मुक्ताई
विळी ती विळीच. उभं राहून सुरीनं चिरणं मला कधी जमलंच नाही.

तवा_कढई
गुडघे दुखायला लागले की जमतं, ताई. माझ्या आईला जमलं.

काळा_पाषाण
अवांतर वाटेल, पण दगडाचा धागा आहे म्हणून विचारतो. मराठवाडाभर काळा दगड पसरलाय. वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलं. पाटा-वरवंटा, जाती, उंबरे सगळं त्याचंच. आमच्या वाड्याच्या पायरीवर विळे घासून घासून खळगा पडलाय. मग विकतचा दगड कशाला?

शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून उत्तराचा थोडा भाग मीच देतो. आपल्या बेसाल्टमध्ये गारेचे सुटे कण नसतात. त्यातल्या खनिजांचं काठिण्य सहाच्या आसपास, आणि चांगलं कडक केलेलं पोलादही तेवढंच किंवा जरा वरच. त्यामुळे विळ्याच्या मऊ लोखंडाला पायरी चालते, पण कडक पातं त्यावर घासलं की पायरीच झिजते. जगात जे नैसर्गिक दगड नावाजले, त्यात पोलादापेक्षा कठीण कण असतात. अमेरिकेत आर्कान्सासचा नोव्हाक्युलाइट म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका, काठिण्य सात. बेल्जियमच्या आर्देनमधल्या पिवळ्या कोटिक्यूलमध्ये गार्नेटचे सूक्ष्म मणी. जपानात क्योतोजवळच्या खाणींचे दगड.

आपल्याकडं गोदावरीच्या रेतीत गारगोट्या, अकीक भरपूर सापडतात. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले. त्यांचं काठिण्य सात, पण ते इतके घट्ट आणि गुळगुळीत की नवे कण सुटत नाहीत, त्यामुळे धार लावायला फार हळू. घोटायला मात्र छान.

फिटर_अण्णा_जालना
सर, शेवटचं वाक्य सोनं आहे. दगड चांगला की वाईट हे नुसत्या काठिण्यावर ठरत नाही. कण बोथट झाला की सुटून पडला पाहिजे आणि खालचा नवा वर आला पाहिजे. ज्या दगडाचे कण लवकर सुटतात तो लवकर कापतो आणि लवकर झिजतो. पाण्याचे दगड या जातीचे. काळा दगड जरा चिवट.

झिजला की मध्ये खोलगट होतो आणि मग त्यावर सुरी सपाट बसत नाही, टोक आणि बूड यांना वेगवेगळा कोन मिळतो. म्हणून दगडही सपाट करावा लागतो. शहाबादी फरशीचा तुकडा घ्या, त्यावर मूठभर चाळलेली वाळू आणि पाणी, आणि दगड गोल गोल फिरवा. आधी दगडावर पेन्सिलीनं जाळी काढा. जाळी सगळीकडून पुसली गेली की दगड सपाट.

गोदाकाठ
अण्णा, शहाबादी म्हणजे चुनखडी. ती दगडाआधी झिजेल.

फिटर_अण्णा_जालना
झिजते. म्हणून एकाच जागी घासायचं नाही आणि तुकडा अधूनमधून बदलायचा. ग्रॅनाइटचा तुकडा मिळाला तर उत्तमच. देगलूर-मुखेडकडे ग्रॅनाइटच आहे, तुम्ही नांदेडकर नशीबवान. काटकसर यांची काच आणि २२० चा वॉटर पेपर हाही सरळ उपाय.

धोकटी
आमचं उदगीरला सलूनचं घर. शेवंताताईंनी 'पट्टा न्हाव्याचा' म्हटलं म्हणून लिहायला घेतलं. :)

आजोबांच्या धोकटीत वस्तरा, पथरी, कात्री आणि पट्टा असायचा. पथरीवर वस्तरा क्वचित जायचा, पट्ट्यावर मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाआधी. पट्टा धार नवी काढत नाही, असलेली धार सरळ करतो. आता सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला, दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, त्यामुळे पट्टा खुर्चीवरून गेला. ते आरोग्याला चांगलंच झालं. पण त्या पट्ट्यानं जे शिकवलं ते सुरीला जसंच्या तसं लागू आहे.

पातं नेहमी पाठ पुढं ठेवून ओढायचं, धार मागं. उलटं केलं तर चामडं कापलं जातं. टोकाला पोचलं की पातं उचलायचं नाही, पाठीवर पालथं घालायचं. दाब जवळजवळ नाहीच. जोर दिला की चामडं दबतं, धारेच्या भोवती वर येतं आणि कड गोल होते. लोक म्हणतात पट्ट्यानं धार गेली, ती अशी जाते.

सुरीला लोंबता पट्टा नको. दीड फूट लाकडी फळी, तिच्यावर चामडं फेव्हिकॉलनं ताणून चिकटवा. चपला शिवणाऱ्या दादांकडे तळव्याचं जाड चामडं मागा, बाभळीच्या सालीनं कमावलेलं मिळालं तर फार चांगलं. पर्सचं मऊ, फुगरं चामडं नको. एका पट्टीवर काही न लावता ठेवा. दुसरीवर स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे वापरतात ती हिरवी वडी खडूसारखी घासा. तिच्यात क्रोमियम ऑक्साइड असतं, कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. आधी हिरवी बाजू, मग कोरी.

चामडं नको असेल त्यांच्या घरात जाड जीन्सचा तुकडा फळीला ताणून लावा, तेही काम करतं.

शेवंता_परभणी
@धोकटी, माझं मत बदललं. पट्टा घेणार. आमच्या पाठीमागच्या गल्लीतच चपला शिवणारे काका बसतात.

अजून एकच शंका. कोन कसा धरायचा? सगळे म्हणतात वीस अंश, पंधरा अंश. कोनमापक घेऊन का बसायचं?

काळा_पाषाण
पट्टीनं होतं. पातं पाठीपासून धारेपर्यंत किती रुंद आहे ते मोजा. ४० मिमी असेल तर वीस अंशांसाठी पाठ दगडापासून साडेतेरा-चौदा मिमी वर, पंधरासाठी साधारण १० मिमी. ३० मिमी रुंद असेल तर वीसला १० आणि पंधराला पावणेआठ. तेवढ्या उंचीचा लाकडाचा तुकडा पाठीखाली धरून हाताला एकदा सवय लावा, मग काढून टाका.

तवा_कढई
साध्या सुऱ्यांना वीस, जपानीला पंधरा. आणि मार्कर पेनानं धारेलगत दोन्ही बाजूंना रंग लावा. दोन हात मारून बघा. वरचा रंग गेला आणि कडेचा राहिला तर पाठ थोडी उचला. फक्त कडेचा गेला तर खाली न्या. हात आपोआप बसतो.

रानवारा
सोयाबीन काढणीचे दिवस तोंडावर आलेत म्हणून विचारते, दातेरी विळ्याला धार लावतात का? वैभव विळा म्हणून मिळतो तो. घरचे म्हणतात फेकायचा आणि नवा घ्यायचा.

बालाघाट
फेकू नका. दाताच्या अंगाला हात लावायचा न्हाई, मागच्या सपाट अंगानं बारीक दगड आडवा ठेवून फिरवायचा. दोन हंगाम अजून जातात. साध्या विळ्याला मात्र कानस नाहीतर दगड, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत परत एकदा.

हिरापट्टी
हिऱ्याच्या पट्टीबद्दल कुणीच बोललं नाही. ती सपाटच राहते, भिजवायला नको, साधं-कडक कोणतंही पोलाद कापते. मी गेली काही वर्षं तीच वापरतोय, बाकी दगड कपाटात.

फिटर_अण्णा_जालना
चांगली असते, फक्त दाबायची नाही. पत्र्यावर निकेलच्या थरात हिऱ्याचे कण धरलेले असतात. जोर दिला की कण उखडतात आणि परत येत नाहीत. नवी पट्टी सुरुवातीला जास्त ओरखडते, नंतर बसते. फार स्वस्त असेल त्या पट्टीवर कण एकसारखे नसतात, एखादाच मोठा कण सगळ्या धारेवर चर पाडत जातो. ताईंना विळीसाठी हातात धरायला छोटी पट्टी सोयीची पडेल, हलकी असते.

मुक्ताई
एक सूचना. बोथट सुरीवर जोर देऊन चिरायची सवय झालेल्या बायकांच्या हातात अचानक धारदार सुरी दिली की पहिल्या दिवशी बोट कापतंच. आमच्या मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकात झालंय. धार लावलीय हे सगळ्यांना सांगा, आणि त्या दिवशी चिरणं सावकाश.

शेवंता_परभणी
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वर काढते, कारण सामान आलं आणि वापरूनही झालं.

मोंढ्यातून काळा दोन बाजूंचा दगड घेतला. जपानी सुरीसाठी १०००/३००० चा पाण्याचा, शिंपडायचा. चपलांच्या काकांनी तळव्याचं चामडं फळीवर बसवून दिलं, पैसेही मोजकेच घेतले. विळी आधी केली, साबणपाण्यावर. पहिल्यांदा बुडाकडे कापूस अडकेना, तिथं पातं झिजून वेगळाच बाक झालाय. दगड उभा धरून तेवढाच भाग केला तेव्हा अडकायला लागला. दोन्ही साध्या सुऱ्या झाल्या. काल दहा किलो कांदा तिघींनी चिरला, डोळ्यांना पाणी नेहमीपेक्षा खूपच कमी. चिरलेला कांदा पाणी सोडत नाही, हेही दिसलं.

जपानी सुरी फक्त पट्ट्यावर फिरवली, तिची कारखान्याची धार अजून आहे. साध्या सुरीचं एक राहिलं: टोकाकडचा दोन बोटं भाग नीट कापत नाही. बाकी कागद सरसर.

तवा_कढई
टोकाकडे पातं वर वळतं. तिथं पोचताना मूठ थोडी उचलावी लागते, नाहीतर कोन बदलतो आणि दगड कडेला लागतच नाही. मार्कर फक्त तेवढ्या भागाला लावून करून बघा. आणि सुरी फिरवताना दाबाची बोटं नेहमी दगडावर जो भाग आहे त्याच्या वर, मुठीकडे राहू देऊ नका.

धोकटी
रोज सकाळी चिरायला बसण्याआधी कोऱ्या चामड्यावर प्रत्येक बाजूनं आठ-दहा हात. तेवढ्यानं धार येईनाशी झाली की हिरवी बाजू. तीही पुरेना झाली की दगडाची बारीक बाजू. खरबरीत बाजू टवका उडाला किंवा फारच बसली तरच. तुमच्या कामाला साध्या सुऱ्या आठवड्या-पंधरा दिवसांनी दगडावर येतील, जपानी बरीच उशिरा.

लातूरकर_नाना
माझ्या अडकित्त्याचं कुणी सांगेल का? सुपारी फुटते, कातरली जात नाही.

फिटर_अण्णा_जालना
नाना, खिळा काढून दोन्ही पाती वेगळी करा. खालच्या पात्याला धार नसते, त्याची कड सपाट आणि सरळ आहे ना एवढं बघा. वरच्या पात्याच्या उतरत्या अंगालाच बारीक दगड, सपाट अंगाची नुसती बर काढा. मग खिळा परत घट्ट ठोका. निम्मे अडकित्ते धारेनं बिघडलेले नसतात, खिळा सैल झालेला असतो.

लातूरकर_नाना
खिळाच सैल आहे! आत्ता हलवून बघितला.